विजेनंतरची पाच मिनिटं

गोजरबाईच्या टोळीत काम करायचं तर दोन गोष्टी आधीच कबूल कराव्या लागतात. एक, सकाळी सात वाजता बुद्धविहाराच्या ओट्यावर हजर राहायचं. उशीर झाला तर टोळी निघून गेलेली असते आणि गोजरबाई मागे वळून बघत नाही. दुसरी, तिने "चला" म्हटलं की वाकलेली कंबर सरळ करायची आणि वावराबाहेर पडायचं. दहाच हातांचा तुकडा राहिलेला असो, मालक धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहून बोंबलत असो, निघायचं. यावर वाद नाही. ज्यांना वाद घालायचा असतो त्यांच्यासाठी गावात आणखी दोन टोळ्या आहेत.

गाव जानेफळच्या पलीकडचं, मेहकर तालुक्यातलं. गोजरबाईचं वय अठ्ठेचाळीस, तिच्याच अंदाजाने. नवरा गुलाबराव गावाच्या नळयोजनेचे वॉल्व्ह सोडतो-बंद करतो आणि घरात जेवढ्यास तेवढं बोलतो. गोजरबाई निंदणीचे, कापूस वेचणीचे, सोयाबीन सोंगणीचे गुत्ते घेते. म्हणजे एकरामागे भाव ठरवायचा, बाया न्यायच्या आणि काम उरकून द्यायचं. टोळीत बाया अकरा. काम स्वच्छ, धुऱ्याकडेचं गवतसुद्धा न सोडणारं. त्यामुळे तिचा दुसरा नियम लोक गिळून घेतात.

तो नियम असा. आभाळात लख्ख झालं की गोजरबाई हातातलं काम न थांबवता मोजायला लागते, "एक बाई, दोन बाई, तीन बाई..." आणि गडगडाट कानावर आला की थांबते. तीस बायांच्या आत गडगडलं तर "चला". उजेड डोळ्याला लगेच दिसतो आणि आवाज मागून चालत येतो. तीन बाया मोजेपर्यंत तो एक किलोमीटर चालतो. तीस बाया म्हणजे वीज दहा किलोमीटरवर, आणि दहा किलोमीटर म्हणजे पावसाच्या ढगाला घरचं अंगण. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेला की मगच परत वावरात पाऊल. जानेफळच्या बाजारात तिला 'मोजणीवाली' म्हणतात. भूमी अभिलेखची माणसं येऊन शेत मोजतात, ही शेतात उभी राहून आभाळ मोजते, असा एक विनोद आहे आणि तो तिच्या तोंडावरही केला जातो. ती हसत नाही, रागावतही नाही.

झाडाखाली तर ती डबासुद्धा खाऊ देत नाही. ऑक्टोबरचं रखरखीत ऊन, आभाळात ढगाचा तुकडा नाही, शंभर पावलांवर निंबाची गार सावली, आणि अकरा बाया डोक्यावर पदर ओढून उघड्यावर भाकरी खात बसलेल्या. हा मात्र अतिरेक आहे, हे कोणीही सांगेल. अन्नपूर्णा नावाची टोळीतली तोंडाळ बाई रोज सांगते. गोजरबाई म्हणते, "सवय राह्यते बाई. उन्हात झाडाखाली जानारी पावसातबी तिथंच जाते."

हे सगळं कुठून आलं, ते गावाला माहीत आहे. निदान गावाला तसं वाटतं.

चौदा वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये गोजरबाई मुकादम नव्हती, दुसऱ्याच्या टोळीत निंदायला जायची. तिच्याबरोबर तिच्याच गल्लीतली रेणुका असायची. वीस वर्षांची, सिंधूताईची एकुलती एक, बोलायला लागली की थांबायची नाही आणि थांबावं असं कोणाला वाटायचंही नाही. दुपारी आभाळ भरून आलं तशा सहाजणी बाभळीखाली गेल्या. सगळे जातात तशाच गेल्या. रेणुका खोडाला टेकून उभी होती. वीज झाडावर पडली. पाचजणी फेकल्या गेल्या आणि थोड्या वेळाने उठून बसल्या. रेणुका उठली नाही. अंगावर जखम नव्हती, भाजलेलं नव्हतं, फक्त पायातल्या चांदीच्या पट्टीखाली काळी रेघ उमटली होती.

आजूबाजूच्या वावरांतली माणसं जमली. कोणी हात लावेना, कारण अंगात वीज शिल्लक असते, हात लावणाऱ्यालाही धरते, असं सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. उपायही पक्का ठाऊक होता. वीज लागलेल्याला गळ्यापर्यंत शेणात पुरायचं, शेण वीज ओढून घेतं. शेजारच्या वावरात गोठा होता. सगळ्यांत चपळ गोजरबाई. तिने टोपलं उचललं आणि गोठ्यापासून बाभळीपर्यंत किती खेपा केल्या याचा हिशेब राहिला नाही. लाकडाने ढकलत रेणुकाला खड्ड्यात घेतलं, वर शेण लिंपलं आणि तासभर सगळे भोवती बसून राहिले. सिंधूताई धावत आली तेव्हा मुलीचा चेहरा तेवढा उघडा होता. तिने तो पदराने पुसला.

रेणुका गेली. त्यात कोणाला दोष द्यावा असं काही गावाला दिसलं नाही. उलट गोजरबाईचं नाव झालं. दरवर्षी त्या दिवशी सिंधूताई तिला जेवायला बोलावते, ताटात वरण-भात, वांग्याची भाजी वाढते आणि येईल-जाईल त्याला सांगते, "माह्या रेनूसाठी हेच एकटी धावली." गोजरबाई मुकाट्याने जेवते. पहिली आठ वर्षं तिला ते जेवण गोड लागलं.

आठव्या वर्षी जानेफळच्या शाळेत आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण झालं. बचत गटाच्या बायांना बोलावलं होतं, चहा-पोहे होते, जाण्यायेण्याची जीप होती, म्हणून गोजरबाई गेली. शिकवायला आलेला पोरगा बोलायला चुणचुणीत होता. उजेड आणि आवाजाचा हिशेब त्यानेच सांगितला. झाडाखाली उभं राहू नका, मोकळ्या रानात सापडलात तर पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं पडू नका, वीज शेजारी पडली तरी जमिनीतून चालत येते, हेही सांगितलं. मग त्याने टेबलावर रबरी पुतळा ठेवला. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही, हात खुशाल लावा, तो म्हणाला. त्याचं काळीज बंद पडलेलं असतं, बंद पडलेली मोटर असते तसं, आणि ते कधी कधी परत चालू होतं. छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवायचे, कोपर ताठ, सेकंदाला दोनदा, दोन इंच खोल. पहिल्या पाच मिनिटांत. मग तो हसत म्हणाला, "तुमच्याकडे शेणात पुरतात म्हणे? ती पाच मिनिटं त्यातच जातात."

सगळ्या हसल्या. गोजरबाईने विचारलं, "दाबलं तर वाचतेच का?"

"सांगता येत नाही मावशी. कोणी वाचतो, कोणी नाही."

हे 'सांगता येत नाही' गोजरबाईने घट्ट धरून ठेवलं. त्याच्या आधारानेच ती घरी आली, पुढच्या सहा ऑगस्टांना सिंधूताईकडे जेवली. प्रशिक्षणाच्या पुढच्याच वर्षी तिने स्वतःची टोळी उभी केली आणि बायांना मोजायला शिकवलं, झाडापासून तोडलं, उकिडवं बसायला शिकवलं. फक्त छाती दाबायचं शिकवलं नाही. ते शिकवायचं तर शेणाचं बोलावं लागलं असतं, आणि शेणाचं बोलायचं तर त्या दिवशी टोपलं कोणाच्या हातात होतं हे कोणालातरी आठवलं असतं. म्हणजे जे टाळता येतं तेवढंच तिने टोळीला दिलं, आणि टाळता न आल्यावर काय करायचं ते स्वतःजवळ ठेवलं. माणूस आपली लाज झाकायला किती चांगली कामं करतो, हे बघण्यासारखं असतं.

यंदा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भगवंतरावांच्या चार एकरांत सोयाबीन सोंगणी चालू होती. भगवंतराव गावातले बऱ्यापैकी शेतकरी, माणूस वाईट नाही, आवाज मोठा. परतीचा पाऊस रोज दुपारी डोकावून जात होता. तीन एकर सोंगून गंजी लागली होती, एक एकर उभं होतं. पावणेतीनला मेहकरच्या बाजूला लख्ख झालं. गोजरबाईचा विळा चालूच राहिला, ओठ हलायला लागले. सव्वीस बायांवर गडगडलं.

"चला."

"आवं, एक एकर राह्यलं," भगवंतराव धुऱ्यावरून ओरडले. "गंजीवर ताडपत्री तं टाकून द्या. भिजली तं काळी पडते सारी."

"अर्ध्या तासानं टाकू भाऊ."

"अर्ध्या तासात पानी येते, गोजरबाई. तुह्या मोजनीपायी माहा माल घालवू का मी?"

गोजरबाई चालायला लागली. अकरा बाया विहिरीजवळच्या पंपाच्या खोलीत गेल्या. खोली विटांची, वर स्लॅब. तिथेही तिने कोणाला भिंतीला टेकू दिलं नाही आणि स्टार्टरच्या पेटीपासून लांब बसवलं. भगवंतराव आणि त्यांचा सालदार गोविंदा दोघेच ताडपत्रीशी झटत राहिले. वारा ती उचलत होता. शेवटी दोघांनी तिच्या कडांवर दगड ठेवले आणि भगवंतराव धापा टाकत खोलीशी आले. गोविंदा बैल सोडायला निंबाकडे गेला. नऊ बायांवर गडगडलं होतं. गोजरबाईने दारातून हाक मारली, "गोविंदा, बैल राहू दे बे, इकडे ये." त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. कासऱ्याची गाठ सोडायला तो वाकला आणि सगळं पांढरं झालं.

त्यानंतर मोजायला काही नव्हतं. उजेड आणि आवाज एकदमच आले.

दिसायला लागलं तेव्हा एक बैल पडला होता, दुसरा दावं तोडून पळत होता, आणि गोविंदा पालथा पडला होता. भगवंतराव पळाले, पण त्याच्यापासून चार हातांवर थांबले. "हात लावू नका त्याले. अंगात करंट हाये. शेन आना, गोठ्यातून शेन आना पयले."

आणि गोजरबाईच्या टोळीतल्या बाया, तिनेच शिकवून तयार केलेल्या, तिच्या एका शब्दावर वावर सोडणाऱ्या, टोपली घेऊन गोठ्याकडे धावल्या. सगळ्यांत पुढे अन्नपूर्णा. जीव तोडून धावत होती ती. गोजरबाईने ते पाहिलं. चौदा वर्षांपूर्वी आपण बाहेरून अशाच दिसलो असू, हे तिला कळलं.

मग ती गेली. गोविंदाला खांद्याला धरून उताणा केला. भगवंतराव अरे-अरे करत राहिले. तिला काही झालं नाही. नाकाशी गाल नेला, श्वास नव्हता. शर्टाच्या गुंड्या तोडल्या, मधोमध हात ठेवले, कोपर ताठ केले आणि दाबायला लागली. रबरी पुतळ्यावर तिने एकदाच केलं होतं, तेही लाजत. हा पुतळा नव्हता, दुसऱ्याचा नवरा होता, पस्तीस वर्षांचा, आणि भोवती माणसं होती.

"काय करून राह्यली तू? मारतं का त्याले?" भगवंतरावांनी तिचा खांदा धरला.

"तो मेलाच हाये भाऊ. याच्याहून जास्त मरत नाई. सोडा मले, आन एकशेआठले फोन लावा."

भगवंतरावांनी हात काढला. पहिली टोपली येऊन पोचली होती. अन्नपूर्णा टोपली डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली, आणि गोजरबाई दाबता दाबताच तिला म्हणाली, "फेक ते. समोर बस. मी कशी करून राह्यली पाह्य. मी थकली का तू लाग." अन्नपूर्णा बसली. एक बरगडी मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पाऊस सुरू झाला. गोजरबाईचे दंड भरून आले तेव्हा अन्नपूर्णेने हात ठेवले, चुकीच्या जागी, गोजरबाईने ते धरून मधोमध आणले. पुन्हा गोजरबाई. पुन्हा अन्नपूर्णा. त्यांच्या दुसऱ्या पाळीत गोविंदाच्या घशातून घरघर आली. मग तो खोकला, कुशीवर केला तसा ओकला, आणि श्वास घ्यायला लागला.

अन्नपूर्णा रडायला लागली. भगवंतराव चिखलात खाली बसले. गोजरबाईने हात पदराला पुसले आणि विचारलं, "किती वेळ झाला?"

भगवंतरावांच्या हातात फोन होता. ते म्हणाले, "एकशेआठले लावला त्याले चार मिनिटं झाली. चार-पाच मिनिटं."

गोविंदाला मेहकरला नेलं, तिथून बुलढाण्याला. अकराव्या दिवशी तो परत आला. एका कानाने ऐकू येत नाही, बरगडी दुखते, हाताला मुंग्या येतात, पण चालतो, जेवतो, बायकोशी भांडतो. गंजी भिजली नाही, हेही सांगायला हवं, कारण भगवंतरावांनी ते एकदाही सांगितलं नाही. ते दुसऱ्या दिवशी गोजरबाईच्या दारात साडी-चोळी घेऊन आले आणि उंबऱ्यावर बराच वेळ बसून राहिले. ग्रामपंचायतीने सत्काराचं ठरवलं. कोणीतरी पेपरात फोटो छापून आणला.

ज्या बाईचा फोटो छापून आला ती त्या आठवड्यात कामावर गेली नाही. सोंगणीचे ऐन दिवस, तीन गुत्ते अंगावर घेतलेले, आणि ही भिंतीकडे तोंड करून पडून. टोळी अन्नपूर्णेने नेली. गुलाबरावाला वाटलं, दंड दुखत असतील. त्याने तेल गरम करून दिलं. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "चांगलं केलं नं तू? मंग काऊन अशी?"

चांगलंच केलं होतं. तेच अडचणीचं होतं. सहा वर्षं जे 'सांगता येत नाही' होतं, ते आता सांगता येत होतं. माणूस दाबल्याने उठतो, हे तिने स्वतःच्या हातांनी पाहिलं होतं. रेणुका वीस वर्षांची होती, गोविंदापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, अंगावर जखम नाही. ती मेली नव्हती. ती थांबली होती. आणि गोजरबाई पाच मिनिटं नव्हे, सगळा वेळ तिच्याजवळच होती, खेपा करत. गोजरबाईला हे सहन होत नव्हतं, आणि न होण्यासारखंच ते होतं.

आठव्या दिवशी दुपारी ती सिंधूताईकडे गेली. सिंधूताई बहात्तरची झाली आहे, गुडघे गेलेत, ओसरीत तुरीचा भरडा पाखडत बसली होती. तिने सूप बाजूला ठेवलं. "ये माय. तुहा फोटो पाह्यला मी. म्या म्हटलंच, माह्या रेनूसाठी धावली तेच हे."

"मावशी, ते म्हनू नका," गोजरबाई म्हणाली आणि उभ्याउभ्याच बोलायला लागली. शेणाने काही होत नाही हे सांगितलं. प्रशिक्षणाचं सांगितलं, सहा वर्षं माहीत असून बोलले नाही हे सांगितलं. गोविंदाचं काळीज बंद होतं, श्वास नव्हता, आणि तो कसा उठला ते सांगितलं. शेवटी म्हणाली, "शेन मीनं आनलं होतं, मावशी. तिच्यापाशी मीच होती. हात लावला असता तं तुमची रेनू उठली असती."

सिंधूताईने सूप पुढे ओढलं. सुपातले दाणे तिने बोटाने इकडचे तिकडे केले. गोजरबाईला वाटलं, आता शिवी येईल, आणि ती यावी असंही वाटलं.

"तुले तवा माहीत होतं का?" सिंधूताईने विचारलं.

"नाई."

"मले बी नाई." मग तिने विचारलं, "किती वेळ दाबलं तू त्याले?"

"चार-पाच मिनिटं."

"एवढंच?"

"हाव."

सिंधूताई भिंतीला धरून उठली. आतून तिने आपली उशी आणली, ओसरीत जमिनीवर ठेवली आणि गुडघे दुखत असतानाही तिच्याशेजारी खाली बसली.

"दाखव मले."

"मावशी, राहू द्या."

"दाखव म्हनते ना."

गोजरबाई समोर बसली. तिने म्हातारीचे दोन्ही हात उशीच्या मधोमध एकावर एक ठेवले, कोपर ताठ केले, आणि एकदा स्वतः दाबून खोली दाखवली. सिंधूताई दाबायला लागली. हातात जोर नव्हता, उशी जेमतेम खचत होती, पण ती थांबली नाही. पांढरे केस तोंडावर आले, धाप लागली, ओठ आत गेले. गोजरबाईने एकदा म्हटलं, "बस झालं मावशी." सिंधूताईने मान हलवली.

"पाच मिनिटं होऊ दे," ती म्हणाली.